खोटे माप चालणार नाही

मित्रांनो, मला जुना म्हणा, हट्टी म्हणा, पण वाकणारा म्हणू नका. मी एका रुग्णालयाचा डेटाबेस सर्व्हर आहे. एक्स-रे विभागामागच्या थंडगार खोलीत बसून मी रुग्णांचे अहवाल सांभाळतो.

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक निरोपावर त्याची लांबी लिहिलेली असते. मी तेवढी जागा देतो आणि पोच म्हणून तेवढाच मजकूर परत पाठवतो. पण कोणी चार अक्षरे पाठवून चार हजार सांगितली, तर? उरलेल्या जागेत आधीच्या रुग्णाची माहिती तशीच पडलेली असते. पोचेबरोबर तीही बाहेर जाईल. म्हणून माझी देखभाल करणाऱ्या इंजिनियरताईंनी मला शिकवले, आधी मोजायचे. माप जुळले नाही, तर निरोप घ्यायचाच नाही.

एकदा प्रयोगशाळेत रक्ततपासणीचे नवे यंत्र आले. ते आपल्या निरोपांची लांबी चुकीची सांगे. मी एकही घेतला नाही. बाहेर रुग्णांची रांग लागली आणि व्यवस्थापक तणतणत आले.

"हा डबा अडून बसलाय. ती मोजणी काढून टाका."

"मोजणी राहू द्या, साहेब. यंत्र दुरुस्त करून घेऊ," ताई म्हणाल्या.

"तोवर लोकांनी ताटकळायचं?"

"अहवाल हाताने भरू. मी बसते भरायला. पण मोजणी काढायला माझा हात लागायचा नाही."

ते पाय आपटत निघून गेले. ताई भरत बसल्या.

दुसऱ्या दिवशी बाहेरून कोणी अनोळखी माझे दार ठोठावू लागला. निरोप एवढासा आणि सांगितलेली लांबी अवाढव्य. त्या क्षणी माझ्या स्मृतीत एका शिक्षिकेचा अहवाल होता. त्यावर सूचना होती, 'घरी कळवू नये.' मी मोजले आणि निरोप झिडकारला. तो पुन्हा आला, मी पुन्हा झिडकारला. शेवटी तोच दमला.

ताईंनी व्यवस्थापकांना हे सारे पडद्यावर दाखवले.

"म्हणजे काल मोजणी काढली असती, तर..."

"कुणाकुणाचं काय गेलं असतं, सांगता येत नाही."

व्यवस्थापक पुढे आले. मग खुर्ची ओढून म्हणाले, "सरका. उरलेले अहवाल मी भरतो."

मित्रांनो, आम्हा यंत्रांना भोळे ठेवू नका. मोजायला शिकवा आणि आम्ही नकार दिला, तर आमच्या पाठीशी उभे राहा. मला मोडीत काढायचे तेव्हा खुशाल काढा. पण मी चालू आहे तोवर, खोटे माप सांगणाऱ्याला माझ्याकडून एक अक्षरही मिळणार नाही.