लांडग्यांच्या आठवड्यातलं सूत

शेवटी स्तामेनला लांडग्यांनी खाल्लं नाही. एवढं आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे कुणाच्या जिवाला घोर नको. आता हे कुणी काही बोललंच नाही असं समजू. स्तामेन चुलीपाशी बसून पावाबरोबर कच्चा कांदा खातो आहे आणि त्याची बायको रुमेन्का त्याच्या डोक्यावरून नवा स्वेटर खाली ओढते आहे.

"हात वर कर, म्हाताऱ्या."

"हातात कांदा आहे."

"कांद्यासकट कर."

कांदा बाहीत शिरला आणि पलीकडच्या टोकाला सुखरूप बाहेर आला. स्तामेननं त्याचा घास घेतला, बाहीकडे पाहिलं, मग छातीवरून हात फिरवला आणि चावायचं थांबला.

"माझाच आहे ना?"

"नाही, मेंढीचा. तुला उसना दिलाय."

रुमेन्का लग्न होऊन सर्बियातल्या या डोंगरात आली तेव्हापासून टकळीवर सूत कातत होती. लोकर बांधलेली काठी कमरेत खोचायची, उजव्या हातानं टकळीला गिरकी द्यायची, डाव्या हाताच्या चिमटीतून धागा सोडायचा. असं चालता चालता तिचं सगळं आयुष्य सुतासारखं निघालं होतं. ती लोकर रंगवत नसे. काळ्या मेंढीची लोकर काळी, करड्या मेंढीची करडी, आणि पुढच्या साली उन्हानं त्याच मेंढीचा रंग वेगळा व्हायचा. त्यामुळे तिचा एक स्वेटर दुसऱ्यासारखा कधीच झाला नाही. तिची मुलगी स्लाव्हिका हे स्वेटर ऑस्ट्रियात, ग्राझला नेऊन विकायची. तिथले लोक ते कपाटात टांगतात आणि पाहुण्यांना दाखवतात, असं ती सांगायची.

स्तामेन मात्र इतकी वर्षं बाजारातला निळा नायलॉनचा स्वेटर घालून मेंढ्या राखत होता. त्यावर कुठल्याशा फुटबॉल संघाचं नाव होतं. तो संघ कुठला, हे त्याला ठाऊक नव्हतं, पण तो हरला असणार याबद्दल खात्री होती. अंधारात काढला की त्यातून ठिणग्या उडायच्या. शेजारची पेरुनिका म्हणायची, वीज गेली की स्तामेनचे कपडे काढा.

ही पेरुनिका म्हणजे गावातलं तिसरं माणूस. हिवाळ्यात गाव तिघांचंच उरतं. सणवारांच्या तारखा एरवी तीच सांगायची, पण नोव्हेंबरभर ती गुडघ्यासाठी शहरातल्या इस्पितळात होती. परत आली ती काठी टेकत थेट स्वेटर बघायला. स्तामेन लाकडं आणायला बाहेर गेला होता, पण जाताना स्वेटर तिच्यासमोर दोनदा गिरकी घेऊन दाखवून गेला होता.

"चांगला झालाय," पेरुनिका म्हणाली. पेरुनिका कशाला चांगलं म्हणाली की रुमेन्का सावध व्हायची. "सूत कधी कातलंस?"

"महिना-अखेरीला. लांडग्यांचा आठवडा सरला आणि बसले."

"सरला? कधी सरला?"

"संत म्राता झाला ना. अकरा तारखेला."

पेरुनिकानं काठी भिंतीला टेकवली. नंतर ती स्वतःही टेकली.

लांडग्यांचा आठवडा म्हणजे संत म्राताच्या आगेमागेचे दिवस. तेव्हा कातायचं नाही, विणायचं नाही, लोकर विंचरायची नाही. कात्रीची पाती दोऱ्यानं बांधून ठेवायची, म्हणजे लांडग्याचा जबडाही तसाच बांधलेला राहतो. त्या दिवसांत कातलेलं सूत ज्याच्या अंगावर, त्याच्या मागावर लांडगा. स्वेटर असो की मोजा. मोज्याला जरा उशिरा येतो, इतकाच फरक.

"अकरा तारीख कुणी सांगितली तुला?"

रुमेन्कानं भिंतीकडे बोट केलं. तिथे ग्राझहून आलेलं कॅलेंडर होतं. दर महिन्याला एक मांजराचं पिल्लू. नोव्हेंबरचं पिल्लू बुटात बसलं होतं आणि त्याच्या शेपटीखाली अकरा तारखेला बारीक अक्षरात संताचं नाव होतं.

"अगं बये," पेरुनिका म्हणाली, "हे त्यांचं कॅलेंडर. आपलं चर्च जुनं धरतं. त्यांचे संत आपल्या संतांच्या तेरा दिवस आधी उठतात. आपला म्राता चोवीसला!"

रुमेन्कानं पिल्लाच्या शेपटीखाली बोट ठेवून तारीख पुन्हा वाचली.

"म्हणजे तू ऑस्ट्रियाच्या लांडग्यांना सुट्टी दिलीस," पेरुनिका म्हणाली, "आणि आपल्यांना कामाला लावलंस."

रुमेन्काला ते दिवस आठवले. सूत कातताना धागा तुटतोच. लोकरीत काडी असते, गाठ असते, पीळ कमी-जास्त होतो. तुटतो, थुंकी लावून जोडायचा, पुढे जायचं. त्या आठवड्यात धागा एकदाही तुटला नव्हता. काळ्या लोकरीतून तो असा सरसर निघत होता, जणू पलीकडून कुणीतरी ओढत होतं. आणि ती खुळी खूश झाली होती. म्हणाली होती, म्हातारपणी हात बसला.

"काढून घे त्याच्याकडून," पेरुनिका म्हणाली.

"कसा काढू? झोपतानाही काढत नाही."

"जाळ."

"लोकर जळत नाही नीट."

"मग उसव आणि बोकडाला विणून घाल. आपण बोकडाला तसंही खाणारच आहोत, लांडग्यानं खाल्लं तर काय बिघडलं?"

यावर दोघींनी बराच विचार केला. बोकडाची मापं त्यांच्याकडे नव्हती.

रुमेन्कानं आधी सोप्या वाटा धरल्या. स्वेटर धुवायला टाकते म्हणाली. स्तामेन म्हणाला, "अजून मळला कुठंय? मळू दे की, त्याचाही हक्क आहे." त्याला कसर लागेल म्हणाली. तो म्हणाला, "लागू दे, कसरीलाही कळतं चांगलं काय ते." एकदा तिनं तो पिठाच्या पेटीत लपवला. स्तामेन तासाभरानं पांढरा होऊन बाहेर आला, स्वेटर अंगात, आणि भिवयांवर पीठ.

"काय चाललंय तुझं?" त्यानं विचारलं. "इतकी वर्षं ग्राझच्या कपाटांना ऊब दिलीस. मी कधी बोललो? आता एक मला मिळाला तर तुझा जीव वर-खाली होतोय."

खरं सांगावं तर त्याचा स्वेटर जातो. न सांगावं तर तोच जातो. ती चुलीपाशी बसून सवयीनं टकळीला गिरकी देई, आणि धागा तुटला की तिला बरं वाटे.

मग मेंढ्यांचा कुत्रा गेला. झुच्को म्हणजे अस्वलाएवढा कुत्रा, गळ्यात खिळ्यांचा पट्टा. सकाळी कुंपणापाशी फक्त पट्टा सापडला. बक्कल लावलेलं. रक्त नाही, केस नाही. जणू झुच्को राजीनामा देऊन गेला होता.

स्तामेननं पट्टा उचलला, उलटसुलट केला आणि खुंटीला अडकवला. "बारीक झाला होता हल्ली," एवढंच म्हणाला. पण मग तो डबा आणि कंदील काढायला लागला. डोंगरावरच्या वाडग्यात, दगडी भिंतीच्या आवारात, मेंढ्या होत्या, आणि आता त्यांच्यापाशी कुत्रा नव्हता.

"आज जाऊ नकोस," रुमेन्का म्हणाली. "बर्फ येणार आहे."

"बर्फ मेंढ्यांवरही येणार आहे."

"मग हा काढून जा. निळा घाल."

"निळा? त्या थंडीत? मारतेस काय?"

तेव्हा दारात उभं राहून तिनं सांगितलं. कॅलेंडर, मांजराचं पिल्लू, अकरा तारीख, चोवीस तारीख, न तुटलेला धागा. सगळं एका दमात. स्तामेन ऐकत राहिला. मग त्याच्या मिशा हलायला लागल्या, आणि तो इतका हसला की खोकला आला.

"म्हणजे लांडग्यानं कॅलेंडर बघितलं?"

"हसू नकोस, म्हाताऱ्या."

"आणि त्याचं सर्बियन आहे?"

"पाया पडते तुझ्या."

त्यानं हसू आवरलं. तिच्या खांद्यावर हात ठेवला. असं तो कधी करत नसे, मेंढी विकतानाच करायचा. "तू कातलंस, तू विणलंस," तो म्हणाला. "तुझ्या हातच्यात मला काही होत नाही. उद्या येतो."

तो वळणापर्यंत गेला तोवर काळा ठिपका दिसत होता. मग बर्फ सुरू झाला आणि ठिपकाही गेला. संध्याकाळी वरून आवाज आला. आधी एक, मग त्याला उत्तर देणारे. पेरुनिकानं स्वतःच्या घरातल्या सगळ्या कात्र्या दोऱ्यानं बांधल्या, आणि मग काठी टेकत येऊन रुमेन्काच्याही बांधल्या. आता नोव्हेंबर उलटून गेला होता, पण विचारतंय कोण.

बर्फ थांबल्यावर खालच्या गावातली माणसं फावडी घेऊन वर गेली.

मेंढ्या सगळ्या जागच्या जागी होत्या, एकही कमी नाही. स्तामेन वाडग्याच्या भिंतीला टेकून बसला होता, मेंढ्यांच्या मधोमध, नुसत्या सदऱ्यावर. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. स्वेटर खाली वाटेवर सापडला, कुंपणाच्या खांबावर. घडी घातलेला. बाह्या आत मुडपलेल्या, आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून वर दगड. खांबाभोवती लांडग्यांच्या पावलांचं गोल रिंगण होतं. आले होते, हुंगलं होतं, गेले होते. सुताला दातसुद्धा लावला नव्हता.

डॉक्टर तरुण होता आणि त्याचे पाय गारठले होते. तो म्हणाला, थंडीनं गेले. मग रुमेन्काचा चेहरा बघून त्यानं समजावून सांगितलं, की फार गारठलेल्या माणसाला कधीकधी शेवटी उकडायला लागतं, आणि तो अंगातले कपडे काढून टाकतो. हे सगळीकडे होतं. यात कुणाचा दोष नसतो.

"घडी पण घालतात?" रुमेन्कानं विचारलं.

डॉक्टरनं बॅग बंद केली.

स्तामेननं आयुष्यात कपड्याची घडी घातली नव्हती. पण ती कशी घालतात हे त्यानं इतकी वर्षं बघितलं असणार. स्वेटर ग्राझला जाताना ती अशीच घालायची: आधी बाह्या आत, मग खालचा भाग वर, आणि वरून तळहात फिरवायचा.

आठवड्यानंतर ती खालच्या गावात नोंदणी कचेरीत गेली. स्वेटर पिशवीत होता. खिडकीत बोयान नावाचा कारकून बसला होता. चांगला मुलगा होता, त्यानं तिला खुर्ची दिली.

"मृत्यूचं कारण, थंडी," त्यानं वाचून दाखवलं. "इथं सही कर, आजी."

"खोड ते."

"काय?"

"थंडी खोड. लांडगे लिही."

बोयाननं पेन खाली ठेवलं. "आजी, लांडग्यांनी हात नाही लावला. डॉक्टरनं लिहिलंय. लांडगे लिहिलं की वरून समिती येते, शिकारी मंडळ येतं, लांडग्यांची मोजणी होते. कशाला?"

"तू ऐक, बाळा. लांडगे लिहिलंस तर सुतानं मारलं. सूत कातताना मला ठाऊक नव्हतं, कॅलेंडर चुकलं. चालेल मला." तिनं रकान्यावर बोट ठेवलं. "थंडी लिहिलंस तर स्वेटर काढला म्हणून मेला. आणि काढला का? दारात उभं राहून कुणीतरी त्याला सांगितलं म्हणून."

बोयाननं नोंदवही स्वतःकडे ओढली. "मला ते बदलता येत नाही गं," तो म्हणाला. "लेखी अर्ज लागतो. आणि अर्ज केला तरी..."

"लिही मग. मी सांगते."

त्यानं कोरा कागद घेतला. रुमेन्कानं पिशवी मांडीवर घेतली, वरून तळहात फिरवला आणि सांगायला सुरुवात केली. बोयान कचेरीच्या भाषेत लिहीत गेला, कारण त्याला दुसरी येत नव्हती.

"अर्जदार विधवा असून तिची नम्र विनंती आहे की, तिचे पती स्तामेन यांच्या मृत्यूच्या कारणाच्या रकान्यातून 'थंडी' हा शब्द वगळण्यात यावा व त्या जागी 'लांडगे' असे नमूद करण्यात यावे. सदर स्वेटर पुराव्यादाखल हजर केला आहे. तपासणी झाल्यावर तो घडी न मोडता परत मिळावा. या दुरुस्तीस लांडग्यांची काही हरकत असल्यास त्यांना अर्जदाराच्या घरी समक्ष येऊन ती नोंदवण्यास कळवावे. दार उघडे ठेवले आहे."