मास्तरांचे शिवणयंत्र

मित्रांनो, ज्यांच्या पायाखाली माझे पॅडल हलायचे, ते मास्तर आज या खोलीत नाहीत. मी त्यांचे जुने शिवणयंत्र. माझी हकिकत त्यांच्यावाचून पुरी होत नाही.

ओतीव लोखंडातून मी घडले. काळा रंग, मानेवर सोनेरी वेलबुट्टी. बेकरीवाल्या मावशींच्या आईने मला घरी आणले आणि पोरांच्या झबल्यांपासून बेकरीच्या पडद्यांपर्यंत सगळे माझ्यावर शिवले. ती गेली, आणि बेकरीमागच्या खोलीत माझ्यावर रिकामे ट्रे रचले गेले. पट्टा कुजला. सुई गंजली. मैद्याची भुकटी ओल धरून माझ्या सांध्यांत दगडासारखी बसली.

पुढे मावशींनी ती खोली एका कुटुंबाला राहायला दिली. परदेशातल्या लढाईतून जीव वाचवून आलेला एक शिंपी, त्याची बायको आणि शाळकरी मुलगी. गल्ली त्यांना मास्तर आणि वहिनी म्हणू लागली. मास्तरांनी ट्रे बाजूला केले आणि माझे चाक हाताने फिरवून पाहिले. ते हलले नाही. मुलीला म्हणाले, "मेलेलं नाही गं, नुसतं उपाशी आहे." त्यांनी मला रॉकेलने धुतले, तेल पाजले, नवा पट्टा चढवला.

या देशात आसरा मिळावा म्हणून केलेल्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत मास्तरांना काम करायची मनाई होती. हे त्यांना ठाऊक होते, वहिनींना ठाऊक होते, गल्लीला नव्हते. सांगायची लाज वाटे. शेजारीपाजारी उसवलेले कपडे घेऊन आले की त्यांना नाही म्हणवत नसे. मोबदला ते घेत नसत. मग कुणी भाजी ठेवून जाई, कुणी अंडी. बस चालवून निवृत्त झालेले काका म्हणायचे, "मास्तर, माझी पँट दरवर्षी सैल करता आणि बायकोला पत्ता लागू देत नाही. असा शिंपी नशिबानं मिळतो!"

एका दुपारी जेवणाच्या वेळेला गणवेशातली माणसे आली. अर्ज फेटाळला गेला होता. मास्तर अर्धी जोडलेली बाही माझ्या सुईखाली तशीच सोडून उठले. मुलीच्या हातात घास होता. तो ताटात ठेवण्यापुरता वेळ तिला मिळाला. तिघांनाही बंद गाडीतून नेले आणि कुंपणाआड ठेवले.

गल्ली चवताळून उठली. याच खोलीत बैठका भरू लागल्या. "किती कामाचा माणूस आहे, ते जगाला कळू दे," मावशी म्हणाल्या. माझ्यावर वाकून शिवत असलेल्या मास्तरांचा एक फोटो त्यांच्याकडे होता. तो मोठा करून छापला. भिंतींवर लागला, बसथांब्यावर लागला, वर्तमानपत्रात आला. त्याखाली शेजाऱ्यांची नावे आणि त्यांचे शब्द होते: आमचे सगळे कपडे हेच शिवतात, दिवसभर हात चालू असतो, कामाला कधी नाही म्हणत नाहीत. मास्तरांची बाजू मांडणाऱ्या वकीलबाईंना आधी विचारावे, हे कुणाच्या डोक्यातही आले नाही. चांगलेच तर बोलायचे होते! त्या फोटोत मी फार सुरेख दिसत होते.

अर्जाच्या फेरसुनावणीहून सगळे परतले, तेव्हा कुणी बसले नाही.

"सरकारच्या बाजूच्या साहेबांनी आपला फोटोवाला पेपर उघडून टेबलावर ठेवला, बस्स," काका म्हणाले. "एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. मला वाटलं, आपण जिंकलो."

"विचारायचं काय राहिलं होतं, काका?" वकीलबाई म्हणाल्या. "मनाई असताना हा माणूस रोज काम करत होता, हे तुम्हीच सांगून टाकलंत. फोटोसकट."

वहिनी आणि मुलगी यांच्याविरुद्ध तसे काही सापडले नाही. त्यांना तूर्त इथे राहू दिले. मास्तर जिथून पळून आले होते, तिथेच त्यांना परत पाठवले. पोचल्याचा एक फोन आला. त्यानंतर आला नाही.

वहिनी खोलीत आल्या, तशा मावशी दारातच आडव्या आल्या. "वहिनी, शिव्या द्या मला. काहीतरी बोला!"

"तुम्ही खोटं कुठे बोललात, मावशी?" वहिनी म्हणाल्या.

मावशी भिंतीला टेकून खाली बसल्या.

मास्तरांना शोधून परत आणावे, म्हणून आता पुन्हा मोर्चे निघतात. त्यांसाठी कापडी फलक लागतात. वहिनींचा हात मास्तरांहूनही सफाईचा, पण वकीलबाईंनी बजावले आहे, "वहिनींनी मशीनला बोटसुद्धा लावायचं नाही." म्हणून माझ्यापुढे मावशी बसतात. पॅडल उलटे पडते, चाक मागे फिरते, दोरा तुटतो.

"अहो, पीठ नाही तुडवायचं! टाच, चवडा, टाच, चवडा," वहिनी हात पाठीमागे बांधून सांगतात.

"हा टाका आहे की गोगलगाय?" काका विचारतात.

"तुम्ही गप्प बसा, नाहीतर पुढची पँट माझ्याकडेच शिवायला येईल!"

मुलगी हसत नाही. ती दोरा ओवून देते आणि पुन्हा फोनजवळ जाऊन बसते.

मित्रांनो, कुणाला तुमच्या शेजारून उचलून नेले, तर गप्प बसू नका. पण त्याच्या वतीने बोलण्याआधी विचारा: तुझ्याबद्दल काय सांगू? आणि काय सांगू नको? त्याला विचारता येत नसेल, तर त्याच्या माणसांना विचारा. भल्या माणसांना हे विचारायचे सुचत नाही, कारण आपण भलेच करतो आहोत, याची त्यांना खात्री असते.

मावशी आता विचारतात. वहिनी मोजकेच शब्द सांगतात. तेवढेच शब्द, वाकड्या टाक्यांत, मी शिवते.