अनोळखी मयताची माती

"फक्त 'नाई' म्हन, प्रेमदास. एवढा एक शब्द. तुह्या येशूले त्याचा राग येनार हाय काय?"

बबनराव आमच्या ओट्यावर बसून पुन्हा पुन्हा तेच समजावत होते. ते आमचे घरमालक. सिंदीच्या बाजारात त्यांचं धान्याचं दुकान, आणि त्यामागच्या खोलीत आम्ही भाड्यानं. माणूस वाईट नव्हता. नाताळात मी पाठवलेल्या करंज्या आवडीनं खायचा. आमचे हे रेल्वेच्या गँगमध्ये. दिवसभर रुळाखालची गिट्टी ठोकायची आणि रविवारी पास्टरसाहेब आले तर उपासना, नाही आले तर आम्ही दोघंच. गावात ख्रिस्ती घरं ती किती!

"आयका नं अजी," मी आतून म्हणाले. नंदीबैल सगळ्याला मान हलवतो. आमच्या नंदीची मान हलतच नाही.

झालं होतं ते असं. सिग्नलजवळच्या बाभळीखाली एक माणूस मेलेला सापडला. उन्हाचा झटका असावा. पोलिसांनी फोटो काढला, दवंडी दिली, पण ओळखणारं कोणी आलं नाही, आणि वैशाखात मयत ठेवणार किती? अशा बेवारस माणसाला गावात कोणी हात लावत नसे. कोणत्या जातीचा, कुठला, विटाळ कोणी घ्यायचा? पूर्वी नाल्याकाठी नेऊन वरवर माती लोटायचे आणि कुत्री उकरायची. ह्यांना ते बघवलं नाही. तेव्हापासून पोलीस ठाण्याचा जमादार सरळ आमच्या दारात यायचा, "चाल बाप्पा प्रेमदास, पाव्हना आला." हे फावडं घेऊन निघायचे. खोल खड्डा, अंगावर धडकं कापड, वर एक दगड. क्रूस कधी लावला नाही. "त्याचा धर्म मले का मालूम? मी कायले आपला ठप्पा मारू?" म्हणायचे. गाव त्यांना देवमाणूस म्हणायचं. म्हणायला काय जातं!

एरवी माती देताना प्रार्थना मनात करायचे, या बाभळीखालच्या माणसाला पुरताना मोठ्यानं केली. का, ते त्यांनाच ठाऊक. नाल्याकाठून जाताना चहावाल्या रामाजीनं ती ऐकली. आठवड्याच्या आत मयताचे लोक गिरडकडच्या एका खेड्यातून शोधत आले. म्हातारी आई मनकर्णाबाई आणि तिचा दीर रूपराव. फोटोवरून ओळख पटली. म्हातारी जमिनीवर बसली ती उठेना. रूपराव मात्र रामाजीच्या टपरीवर चहा प्यायला गेला आणि तिथून पेटूनच परत आला. किरिस्तावानं मेलेल्या माणसाला बाटवलं! त्या साली धर्मांतरबंदीच्या कायद्याचं वर्तमानपत्रांत सारखं काही ना काही यायचं. लोक आधीच तापलेले. कालचा देवमाणूस एका दुपारीत मिशनचा दलाल झाला.

संध्याकाळी मारुतीच्या पारावर ह्यांना बोलावणं होतं.

"मी साऱ्याइले सांगून ठेवलं," बबनराव उठता उठता म्हणाले. "रूपराव इचारन, मंतर म्हनला काय? तू म्हन, नाई, निस्ती माती लोटली. बुढीचंही समाधान होते. नाई तर पाह्य बाप्पा, मले बी गावात राहा लागते. मंग खोली खाली करा लागन तुमाले."

ते गेले आणि मी तोंड सोडलं. "एका बुढ्या मायच्या जिवाले बरं वाटन म्हनून खोटं बोललं, तर पाप लागते काय?"

"तिले काऊन बरं वाटन?" हे म्हणाले. "आपल्या लेकाले कोनी कुत्र्यावानी गाडलं, त्याच्यासाठी तोंडातून एक शब्द काढला नाई, हे आयकून बरं वाटन तिले?"

मी जास्तच चिडले. "तुमचं पुन्य तुमच्याजवळ ठेवा! भांडेकुंडे डोक्शावर घेऊन फिरा लागन ते मले!"

पारावर बाजाराइतकी माणसं जमली होती. मी बायकांच्या मागे उभी राहिले, पदर तोंडात कोंबून. मनात म्हटलं, प्रभू, आजच्या दिवस या माणसाला मुका कर.

"आमच्या पोरावर किरिस्तावाचा मंतर म्हनला का नाई?" रूपरावनं विचारलं.

बबनराव खाकरले. ह्यांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

"मंतर नाई. प्रार्थना केली," हे म्हणाले. "येशूच्या नावानं केली."

एकच गलका झाला. रूपरावनं पुढे येऊन ह्यांच्या कानाखाली वाजवली. दुसरा गाल पुढे केला वगैरे काही नाही. ह्यांचे डोळे भरून आले, मला लांबून दिसत होतं. माझा जीव तुटला हो. घरात मी किती का बोलेना, माझ्या माणसाला कोणी मारावं?

"थांबा रे!" म्हातारी ओरडली. पारावरून उतरून ती ह्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "काय म्हनलं बाप्पा तू? मले सांग."

"म्हनलं, देवा, याचं नाव मले मालूम नाई, तुले मालूम हाय. याची माय कुठंतरी वाट पाहून राह्यली असन. तिले सांभाळजो."

"चिंधू," म्हातारी म्हणाली. "पह्यलचे लेकरं जगले नाई, म्हनून चिंधू ठेवलं होतं. देवानं इसरून जावं म्हनून."

मला वाटलं, मिटलं. कसलं मिटतंय! रूपराव म्हणाला, पोराला अग्नी मिळाला पाहिजे. जमादारानं वरून परवानगी आणली आणि सकाळी सगळे नाल्याकाठी जमले. पण माती उकरायला एक जण पुढे होईना. "ज्यानं गाडलं त्यानंच काढावं," रूपराव म्हणाला. ह्यांनी काढलं. वास असा होता की धर्मवाले सगळे वाऱ्याच्या उलट्या बाजूला जाऊन उभे राहिले. चिता रचून झाल्यावर ह्यांना सांगितलं, तू दूर हो.

मी रस्त्याच्या कडेला म्हातारीजवळ बसले होते. तिनं माझा हात घट्ट धरला होता. धूर वर चढला तशी म्हणाली, "माती दिली तथी सावली होती काय वं, बाई, त्याले?"

"हव माय. बाभळीची," मी म्हटलं. ते खोटं होतं. बाभूळ तिकडे सिग्नलजवळ. नाल्याकाठी नुसतं रखरखीत ऊन. मला काही वाटलं नाही खोटं बोलताना. अजूनही वाटत नाही.

माणसं पांगली. बबनराव आमच्याजवळून गेले, मान खाली घालून. "अमावस्येच्या आत खोली पाहा कुठं," एवढंच पुटपुटले.

हे मात्र घरी येईनात. उघडा खड्डा ठेवला तर एखादं ढोर पडेल म्हणे. फावडं मारता मारता त्यांना दम लागला, तशी मी ते हातातून ओढून घेतलं आणि उरलेली माती लोटली. खड्डा भरला. ह्यांनी टोपी काढली, हात जोडले आणि तसेच थांबले. आत कोणीच नव्हतं.

"म्हना नं," मी म्हटलं. "आता कोन आडवते?"

हे मातीवर बसले आणि लहान लेकरासारखे रडले. मी त्यांना इतक्या वर्षांत असं कधी पाहिलं नव्हतं.

मला त्यांच्यासारखी नीट प्रार्थना येत नाही. उपासनेतही मी नुसतं आमेन म्हणते. तरी उभी राहिले आणि सुरू केलं. चिंधूचं नाव घेतलं, त्याच्या मायचं घेतलं. रूपरावचं घेताना जीभ अडली, पण घेतलं. रस्त्यानं एक बैलबंडी चालली होती. बंडीवाल्यानं वळून पाहिलं. मी आवाज कमी केला नाही.