संमतीचा अंगठा

सक्करदऱ्याच्या तलावाजवळ मेंदूचं संग्रहालय उभं राहत होतं. ज्यांच्या नावानं ते होतं, त्या दिवंगत डॉ. श्रीपाद दाभाडकरांच्या जुन्या फायली संगणकावर चढवायचं काम दामिनी रामटेकेला मिळालं, तेव्हा तिला आनंदच झाला. तिचे वडील आनंदराव याच डॉक्टरांचे पेशंट. भिवापूरच्या मिरचीबाजारात पोती तोलता तोलता ते कोसळले आणि त्यांची वाचा गेली. साधं पाणी मागता येईना, पण भीमगीतं अख्खी म्हणायचे. बोलणं गेल्यावर गाणं कसं उरतं, याचा डॉक्टरांनी त्यांच्यावरून सहा वर्षं अभ्यास केला आणि जगभर नाव कमावलं.

वडील वारले तेव्हा दामिनी अकरा वर्षांची होती. दवाखान्यातून त्यांना आणलं, तर डोक्याला पट्टी. "थोडं तपासलं," एवढंच कोणीतरी सांगितलं होतं.

एका फायलीत तिला त्या पट्टीचा अर्थ सापडला. 'आ. रा., भिवापूर. मेंदू जतन. पत्नीची संमती घेतली.' खाली निळा अंगठा.

तिच्या मायनं, रंभाबाईनं, जन्मात कुठं अंगठा लावला नव्हता. चौथी शिकलेली बाई. रेशनच्या दुकानातही सहीच करीन म्हणून अडून बसायची. आणि काचेच्या बरणीतला तो मेंदू दालनाच्या मधोमध मांडायचा होता.

दामिनी तेव्हाच बोलली असती, तर संग्रहालय उभारणारा डॉक्टरांचा मुलगा विक्रम बंद खोलीत माफी मागून मोकळा झाला असता. तिला ते नको होतं. तिनं उद्घाटनाच्या पत्रिका वाटू दिल्या, दिल्लीचे पाहुणे येऊ दिले. तीन महिने ती विक्रमसरांबरोबर हसून चहा पीत राहिली. घरीही एक शब्द काढला नाही.

उद्घाटनाला ती मायला घेऊन गेली. पडद्यावर जुनी कागदपत्रं दाखवायचं काम तिच्याकडेच होतं. तिनं तो अंगठा वरच्या ओळीसकट पडद्याएवढा मोठा करून ठेवला आणि मायला मंचावर नेलं.

"हा अंगठा माझ्या मायचा आहे, असं इथं लिहिलं आहे," ती लोकांना म्हणाली. "माय, या कोऱ्या कागदावर सही कर."

रंभाबाईनं सावकाश पूर्ण नाव लिहिलं. मग पडदा वाचला, बरणीकडे पाहिलं.

"हे त्यायचं हाय का वं?"

दामिनीनं होकारार्थी मान हलवली.

विक्रम धावत आला. "मला खरंच माहीत नव्हतं. आपण तुमच्या बाबांचं नाव लावू. मोठ्या अक्षरांत."

"नाव नको, सर. बाबा द्या."

चौकशी बसली. डॉक्टरांच्या नावाचा पुरस्कार बंद झाला. दारावरची पितळी अक्षरं काढली, त्या दिवशी दामिनी रजा टाकून गेली आणि शेवटचं अक्षर उतरेपर्यंत उन्हात उभी राहिली. विक्रम पायरीवर बसून रडत होता. ती त्याच्या शेजारून निघून गेली.

पंचनामा होऊन बरणी ताब्यात मिळाली. भिवापूरच्या वाटेवर रंभाबाईनं ती पदराखाली झाकून मांडीवर धरली होती.

"त्यायले घरी आनलं, चांगलं केलं तू," ती म्हणाली. "पन मले घरी काहून नाही सांगितलं? एवढ्या लोकायसमोर सांगितलं."

"त्याशिवाय त्यांची जिरली नसती, माय."

"त्यायची जिरली," रंभाबाई म्हणाली. तिनं खिडकीकडे तोंड फिरवलं, आणि उमरेड मागं पडलं तरी ती लेकीशी बोलली नाही.