तूवाचा डावा अंगठा

तूवाची साखळी बसत नव्हती, म्हणून आमच्या प्रयोगशाळेने सॉफ्टवेअर बदलायचं ठरवलं. डोंबल! दार लागत नाही म्हणून त्याला नवा रंग लावायचा, त्यातला प्रकार. पण मी कोण सांगणार? मी गुन्वोर, तळघरातला सूक्ष्मदर्शक सांभाळते. शहाणपण वरच्या मजल्यावर राहतं.

तूवा हालग्रेन ही आमची डॉक्टरेट करणारी पोरगी. ओलांड बेटावरची, बापाची टोमॅटोची काचघरं आहेत. जंतूच्या पोटात गेलेलं औषध जे प्रथिन उचलून बाहेर फेकतं, त्या एका प्रथिनापायी तिने आपलं तरुणपण घातलं. माझ्या सूक्ष्मदर्शकाने त्याची सपाट चित्रं काढली, संगणकाने त्यातून ढगासारखा एक आकार उभा केला. त्याला आम्ही नकाशा म्हणतो. त्या ढगात प्रथिनाची साखळी वळणावळणाने ओवायची, की झालं काम. आणि तीच बसेना. जून संपला की तूवाचा पगार संपणार होता. त्याआधी प्रबंध खिळ्याने भिंतीवर ठोकायचा, ही आमच्याकडची रीत. ठोकल्याशिवाय पदवी नाही, आणि साखळी बसल्याशिवाय ठोकणार काय, कपाळ?

तिने हे फीकाच्या, म्हणजे कॉफीच्या सुटीच्या वेळी सांगितलं, तिथेच चुकलं. नाव फीका असलं तरी आमची कॉफी डांबरासारखी काळी, आणि तिच्यासोबत दालचिनीचे बन खाता खाता जे ठरतं ते मग कुणाच्या बापाला बदलता येत नाही.

"बसतच नाहीये रे," तूवा म्हणाली. "प्रत्येक वळणावर अडतंय."

"बघतेस कशात?" हेनिंगने विचारलं. हेनिंग म्हणजे डॉक्टरेट होऊन वर्षं लोटलेला आणि कायमच्या खुर्चीवर डोळा ठेवून बसलेला.

"मोल्डात."

"मोल्डात?" तूवा गटारातलं पाणी पिते असं समजल्यासारखं त्याने तोंड केलं. "अगं, मग कसं बसेल?"

मोल्डा हे फुकटचं सॉफ्टवेअर. ट्रोम्सोतला कुणी एक गृहस्थ स्वतःच्या हौसेने ते चालवतो. दिसायला ओबडधोबड, पण कामाला वाघ. हेनिंगला हवं होतं प्रिस्मा. त्याला पैसे पडतात, आणि त्यात प्रथिनं अशी चकाकतात, की वाटावं आत्ताच साखरेच्या पाकातून काढलीत.

"पण नकाशाच उलटा आला नसेल ना?" तूवाने विचारलं. "आरशातला?"

प्रश्न अगदी रास्त होता. सपाट चित्रांवरून आकार उभा करताना तो खरा की आरशातला, हे संगणकाला कळत नाही. उजव्या पायाचा बूट आणि डाव्या पायाचा बूट त्याला सारखेच. कुठला ते माणसाने बघायचं. आणि आमच्याकडे हे बघणारा माणूस एकच, प्राध्यापक टोर्केल रिडफोर्स. आमच्याकडे प्राध्यापकालाही अरे-तुरेच करतात, पण टोर्केलला अरे म्हणतानाही लोक जरा वाकून म्हणतात.

टोर्केल जुन्या पिढीतला. एकच आकार किंचित वेगळ्या कोनांतून काढलेली दोन चित्रं शेजारी-शेजारी ठेवायची, डोळे नाकाकडे तिरळे करायचे, की दोन्ही चित्रं एक होऊन आकार कागदातून वर उठतो. ही त्याची विद्या. त्याने तूवाच्या ढगाची जोडी मागवली, डोळे फिरवले, आणि असा काही प्रसन्न झाला, की जणू नातवाचं बारसं आहे.

"उजवं वळण! सुरेख! नकाशा बरोबर आहे, पोरी."

झालं. बाकीचे सगळे तिरळे होऊन "हो हो, उजवंच" म्हणत री ओढायला लागले. मी म्हणाले, "मला तर दोन चित्रं आणि एक डोकेदुखी दिसतेय." त्यावर मला चष्मा तपासायचा सल्ला मिळाला. नकाशा बरोबर ठरल्यावर दोष सॉफ्टवेअरलाच द्यायला हवा होता. कार्यगट नेमला गेला.

त्या कार्यगटाबद्दल काय सांगू! पहिला महिना गटाचं नाव काय असावं यात गेला. मग पार्श्वभूमी काळी की पांढरी. मोल्डाच्या बाजूने प्रयोगशाळेतलीच ब्रीता होती, प्रिस्माच्या बाजूने हेनिंग. आमच्याकडे भांडण म्हणजे आरडाओरडा नसतो. "छान मुद्दा आहे," असं म्हटलं की समजायचं, शिवी घातली. ब्रीता जितकी चिडायची तितकी हळू बोलायची, आणि हिवाळा सरता सरता ती काय म्हणतेय ते ऐकायला आम्ही टेबलावर ओणवे व्हायला लागलो.

"सावली हवी," हेनिंग म्हणायचा. "सावलीशिवाय प्रथिनाला व्यक्तिमत्त्व येत नाही."

"छान मुद्दा आहे," ब्रीता कुजबुजायची.

एक बैठक नुसत्या हिरव्या रंगावर झाली. शेवाळी की पिस्त्यासारखा? आणि या प्रत्येक बैठकीत नमुना म्हणून पडद्यावर काय फिरत असायचं? तूवाचा ढग! चकाकत, सावल्या टाकत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. लोक त्याची झळाळी बघायचे. तो वळतो कुठल्या बाजूला, हे बघणं केव्हाच उरकलं होतं ना! तूवा मागच्या खुर्चीत बसून साखळी ओवत राहायची. पोरगी वाळत चालली होती. एकदा मला म्हणाली, "टोमॅटोला निदान वर कुठल्या बाजूने चढायचं ते कळतं गं." मला हसू आलं, आणि माझा बन मी तिच्यापुढे सरकवला.

वसंतात एकदाचं प्रिस्मा ठरलं. निर्णयाच्या बैठकीला बदामाचा केक आणला, आणि हेनिंगने प्रिस्मातून छापलेली तूवाच्या ढगाची जोडी सगळ्यांना वाटली. गुळगुळीत कागद, पिस्त्यासारखा हिरवा. टोर्केलने डोळे तिरळे केले. "उजवं! आणि किती स्वच्छ!" पाठोपाठ अख्खं टेबल तिरळं झालं. बाहेरून कुणी बघितलं असतं तर डोळ्यांच्या डॉक्टरला बोलावलं असतं.

तूवा मात्र चित्राखालची बारीक ओळ वाचत होती. मोल्डा असं काही छापत नसे, प्रिस्माने छापलं होतं. 'डोळे सरळ ठेवून, दूरवर पाहिल्यासारखे पाहावे.' तिने कागद नाकासमोर धरला आणि त्याच्या आरपार, खिडकीतल्या बर्च झाडाकडे बघितल्यासारखं बघितलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. आमच्या धंद्यात एक साधी खूण आहे. अंगठा वर करायचा, बोटं मिटायची, आणि बोटांच्या दिशेने वळत अंगठ्याकडे चढायचं. उजव्या हाताशी जुळलं तर उजवं वळण, आणि प्रथिनांतली ही वळणं उजवीच असतात. तूवाने उजवा अंगठा वर केला. कागद बघितला. खाली घेतला. मग हळूच डावा वर केला.

"बघा, तूवालाही पसंत!" हेनिंग ओरडला. टाळ्या पडल्या, आणि इतिवृत्तात निर्णय एकमताने झाल्याची नोंद झाली.

बैठक संपवून मी खाली पोचते तोच तूवा धावत तळघरात आली. "गुन्वोर, डावा जुळतोय."

"काय बोलतेस?"

"टोर्केल डोळे तिरळे करतो गं! जोडी सरळ डोळ्यांची आहे. तिरळ्या डोळ्यांनी बघितलं की पुढचं मागे जातं, मागचं पुढे येतं. डावं त्याला उजवं दिसतं. इतके दिवस!"

तिने माझ्या जुन्या संगणकावर मोल्डा उघडलं. आरशात उलटवायचं बटण पहिल्या दिवसापासून तिथेच होतं. तिने ते दाबलं, आणि साखळी ढगात शिरली, मांजर आपल्या जागी येऊन बसावं तशी. एकही वळण अडलं नाही. तूवा माझा हात धरून रडली. मलाही भरून आलं, आणि मग असा संताप आला, की वर जाऊन तो बदामाचा केक भिंतीवर मारावासा वाटला.

पण खरी गंमत पुढे. प्रबंध ठोकायला टोर्केलची सही हवी. तूवाने रात्रंदिवस खपून सगळं नव्याने लिहिलं आणि प्रिस्मातून छापलेली सुधारलेली जोडी हेनिंगच्या नि माझ्या देखत त्याच्यापुढे ठेवली. टोर्केलने सवयीने डोळे तिरळे केले आणि कागद खाली टाकला.

"हे डावं आहे. यावर मी सही करणार नाही."

"टोर्केल, ही जोडी सरळ डोळ्यांनी बघायची असते. खाली लिहिलंय बघ."

"पोरी, तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून मी असंच बघतोय."

"मग पडद्यावर फिरवून दाखवू?"

"पडद्यावर रंग बघायचे. आकार डोळ्यांनी बघायचा."

"सॉफ्टवेअरमध्येच काहीतरी गडबड दिसते," हेनिंग म्हणाला. "ऑगस्टमध्ये सगळे सुटीवरून परत आले की कार्यगट पुन्हा बोलावू."

ऑगस्ट! तूवाचा पगार तर जूनमध्येच संपणार. म्हटलं, आता ही रडणार, आणि संपलं सगळं. पण ती उठली, टोर्केलच्या टेबलावरची कात्री घेतली, जोडी मधोमध कापली आणि डावं चित्र उजवीकडे, उजवं डावीकडे ठेवलं.

"आता बघ."

टोर्केलने डोळे फिरवले, आणि नातवाचं बारसं परत आलं.

"आत्ता कसं! उजवं! मी पहिल्या दिवशीच म्हणालो नव्हतो?"

"प्रिस्माने फरक पडतोच," हेनिंग म्हणाला. टोर्केलने सही केली. तूवाने सहीचा कागद उचलून छातीशी धरला. मी मात्र दाराबाहेर येऊन हात तोंडावर दाबून हसले.

मे महिन्यात तिने प्रबंध ठोकला. काय घाव घातले पोरीने! भिंत हादरली. बेटावरून बाप आला होता, टोमॅटोची टोपली घेऊन. त्याला त्यातलं काही कळलं नाही, पण तो डोळे पुसत होता.

"फोटो! फोटो!" हेनिंग पुढे घुसला आणि फोन हातभर लांब धरून स्वतःही चौकटीत शिरला. "तूवा, अंगठा दाखव!"

तूवाने सगळ्यांना अंगठा दाखवला. डावा.

तो फोटो हेनिंगने मोठा करून कॉफीच्या यंत्राशेजारी लावला आहे. खाली लिहिलंय, प्रिस्माचं पहिलं यश. फोनने फोटो आरशासारखा उलटा काढलाय, त्यामुळे तूवाचा अंगठा त्यात उजवा दिसतो. मागे भिंतीवर प्रबंधाच्या नावाची अक्षरंही उलटी आहेत. रोज सगळे त्याच्यापुढे उभं राहून कॉफी पितात. मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं, तर कॅमेरा निवडायला कार्यगट नेमतील.