गिरणीपाशी डावीकडे

वाडी कसली, डोंगराच्या पायथ्याशी मूठभर घरं. पण माझ्या सासूबाईंना विचाराल, तर नदीकाठचं गाव, वरचं गाव आणि बाजाराचं गाव ही तिन्ही आमच्या वाडीच्या शेजारी येऊन वसलेली आहेत!

त्या दुपारी बायकोला तारखेच्या आधीच कळा सुरू झाल्या. न्यायला गाडी मिळेना. बाजाराच्या गावची नर्स स्कूटरवरून निघाली खरी, पण बाई नवीन. माळावर रस्ता चुकली. सासूबाईंनी माझ्या हातातला फोन ओढून घेतला.

"गिरणीपाशी डावीकडे वळा. पुढं लाल घर लागेल. मोठं झाड आलं की सरळ खाली."

"अहो, गिरणी कुठंच दिसत नाही!" नर्स रडकुंडीला आली होती.

दिसणार कशी? गिरणी पडून जमाना झाला होता. दुकानदाराच्या लाल घराला निळा रंग लागला होता. मोठं झाड तर माझ्या लग्नाआधीच वादळात गेलेलं. तरी वाडीत सगळे अजून त्यांच्यावरूनच रस्ता सांगतात, आणि आपापसात कुणीही चुकत नाही. आत बायको ओरडत होती.

"आई, यातलं काही जागेवर नाही हो!"

सासूबाईंनी फोन माझ्या हातात कोंबला. मग अंगणात जाऊन खणखणीत हाक दिली, "गिरणीवर कोण जातंय? आणि झाडाशी?"

हातातलं टाकून माणसं धावली. शिंपी गळ्यातल्या टेपसकट गिरणीच्या जागी उभा राहिला. दुकानदार आपल्या निळ्या घरापुढं "हेच लाल, हेच लाल" करत होता. झाडाच्या जागी आमचे सासरे, दोन्ही हात वर करून. मला या माणसांचा असा अभिमान वाटला, की सांगता सोय नाही.

नर्स पोचली. बाळाच्या गळ्याभोवती नाळ होती. "अजून थोडा उशीर झाला असता तर..." म्हणत तिनं ती सोडवली. मुलगी रडली, तेव्हा मीही रडलो.

बातमी सांगायला बाहेर आलो, तर वाडीत चिटपाखरू नाही. पाऊस लागला होता. माळावर सासरे नखशिखांत भिजून तसेच उभे. त्यांच्या पुढं दुकानदार, त्याच्याही पुढं शिंपी.

"बाबा, मुलगी झाली! दोघी सुखरूप आहेत. चला आता घरी!"

त्यांचा चेहरा फुलला, पण पाय काही हलले नाहीत.

"येतो की. पण नर्सबाईंना परत जायचंय ना अजून?"