डावखुरी निब

“नवी निब घालू नका हं बाबा. आईचीच ठेवा. फक्त मला लिहिता येईल असं करा.”

काउंटरपलीकडे उभी राहून मुलगी तिसऱ्यांदा तेच सांगत होती. सोमवारपासून ती नव्या शाळेत शिकवायला जाणार होती, आणि हजेरीपटावरचं पहिलं नाव आईच्या पेननेच लिहायचं, असं तिने मनाशी धरलं होतं.

पेनवाल्याने निब भिंगाखाली धरली. काय दिसणार ते त्याला ठाऊकच होतं. बायको डावखुरी. तीस वर्षं याच पेनने लिहून निबच्या टोकावरचा दाणा एका बाजूने झिजून सपाट झाला होता. तो उतार तिच्या हाताचा होता. दुसऱ्या कुणाच्या हातात हे पेन कागद ओरबाडणारच.

“बाबा, ऐकताय ना?”

“ऐकतोय. तुला चालायला हवं तर दाणा घासावा लागेल. मग आईचं वळण राहायचं नाही त्यात.”

“निब तर तीच राहील ना? मग घासा की. आई म्हणायचीच, जगाची पेनं दुरुस्त करतात आणि घरातलं गळतंय ते दिसत नाही.”

“गळत नव्हतं ते. झाकण नीट लावायची नाही ती.”

“हेही रोज ऐकवायचात तिला.”

दोघं किंचित हसली. हसू आलं तसं विरलं. बायको जाऊन अडीच महिने झाले होते, आणि त्याच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं. लोक म्हणत, धीराचा माणूस. धीर कसला! दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल होतो, तसं आत सगळं बधिर होतं.

“तासाभराने ये,” तो म्हणाला.

ती गेल्यावर त्याने पेनमध्ये शाई भरली आणि ते डाव्या हातात धरलं. असं त्याने कधी केलं नव्हतं. मनगट वळवलं, पेन जरा आडवं केलं, जरा उभं. खरखर चालूच. मग बोटांत थोडं फिरवलं, आणि एका जागी निब गप्प झाली. शाई आपसूक उतरू लागली. सुचेल ते त्याने लिहिलं. साबण. मेणबत्ती. सुईदोरा. अक्षरं पहिलीतल्या पोराची, पण पेन कुठे अडलं नाही. ती धरायची तसंच ते आता त्याच्या हातात होतं. आता तरी काही वाटेल म्हणून तो थांबला. बराच वेळ थांबला. बोटाला शाई लागलीय, एवढंच कळलं.

मग बारीक पॉलिश पेपरवर पाण्याचा थेंब टाकून त्याने निब टेकवली आणि आठाचे आकडे गिरवायला घेतले. दहा आकडे, भिंग, पुन्हा दहा. हात जराही हलला नाही. इतकं सुबक काम त्याच्याकडून कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

मुलगी आली. तिने स्वतःचं नाव लिहिलं, खाली रेघ मारली.

“लोण्यासारखं चालतंय हो. बाबा, अगदी आईचं पेन वाटतंय.”

“हं,” तो म्हणाला. “जपून वापर.”

काम झालं की पॉलिश पेपर नळाखाली धुवायचा, ही त्याची रीत. ती गेल्यावर तो पेपर घेऊन नळापाशी गेला. थेंब वाळत आला होता. त्यात घासलेल्या दाण्याच्या राखाडी भुकटीची एक पुसट रेघ उरली होती. त्याने नळ सोडला, बंद केला. पेपर तसाच खिडकीत ठेवला आणि पुढच्या गिऱ्हाइकाचं पेन उघडायला बसला.